येसू शिंप्याचा गोटा

एका गावात येसू नावाचा एक शिंपी होता. सुईहून जड काही उचलायची त्याला सवय नव्हती. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पायांतलं बळ गेलं होतं आणि अंगणातल्या उन्हात बसायची तिला भारी हौस. एकदा येसूने तिला उचललं, पण उंबऱ्यापाशी त्याचे हात थरथरले आणि दोघं पडता पडता वाचली. त्या दिवसापासून आई म्हणू लागली, "मला ऊन सोसत नाही रे." ती खोटं बोलते, हे येसूला कळत होतं.

तो तालमीत गेला. जानबा वस्तादांनी त्याच्यापुढे नारळाएवढा दगडी गोटा ठेवला.

"हळू उचल. त्याहून हळू ठेव. हात थकले की थांब, आणि दोन दिवस इकडं फिरकू नकोस."

"दोन दिवस काय करू?"

"झोप काढ. ताकद झोपंतच येती."

येसूला हे पटलं नाही. आठवडाभरात दंड जरा टणक लागताच त्याला चेव आला. वस्ताद नाहीत असं बघून त्याने तालमीतल्या सगळ्यात थोरल्या गोट्याला हात घातला. हिसका देऊन गोटा गुडघ्यापर्यंत आणला, तोच कमरेत चमक भरली आणि गोटा धाडकन मातीत आदळला. झालं! आता घरात दोघं अंथरुणावर.

वस्ताद भेटायला आले. आता शिव्या बसणार म्हणून येसूने मान खाली घातली.

वस्ताद एवढंच म्हणाले, "गोटा टाकलास, गोट्याला काय झालं न्हाई. पर गोट्याच्या जागी आई आसती तर?"

येसूला रडूच कोसळलं.

कंबर बरी झाल्यावर तो पुन्हा नारळाएवढ्या गोट्यापाशी आला. पाय रोवायचे, पाठ ताठ ठेवायची, गोटा अंगाशी धरायचा आणि फूल ठेवावं तसा खाली ठेवायचा. थकला की मुकाट घरी जायचा. दर महिन्याला वस्ताद त्याला थोडा मोठा गोटा देत गेले.

संक्रांतीला त्याने आईला उचललं. आईने भीतीने डोळे गच्च मिटले आणि त्याचा सदरा मुठीत धरला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, ठेव की आता. किती वेळ धरशील?"

"आई, मघाशीच ठेवलंय."

आईने डोळे उघडले. ती अंगणात होती आणि तिच्या पायांवर ऊन आलं होतं.

तात्पर्य: वजन उचलण्याची घाई करणारा स्वतःला मोडून घेतो; जो हळू उचलतो, जपून ठेवतो आणि वेळेवर विश्रांती घेतो, त्याचीच ताकद आपल्या माणसांच्या कामी येते.