मुक्या शेंगा

फार पूर्वी मी एक आवाज ऐकला होता. वाळल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. तो आवाज एकदा नाहीसा झाला होता म्हणतात.

एका राज्यात एक भित्रा राजा होता. दुष्काळाच्या धाकाने त्याने घरोघरचे तुरीचे बी गोळा केले, खजिन्यात कोंडले आणि कुलपावर मांत्रिकाचा मंत्र बसवला. मंत्र उलटला. खजिन्यात बियांचे खडे झाले. रानात आधीच उभ्या असलेल्या तुरी फुलत, शेंगा धरत, पण आत दाणा नसे. वारा आला तरी शेंगा मुक्याच.

गोदूबाई नावाच्या म्हातारीकडे तेवढा वाळल्या भोपळ्याचा एक तुंबा राजाच्या नजरेतून सुटून राहिला होता. आत कीड लागू नये म्हणून राख चोळलेले तीन मुठी बी. चुलीवरचे मडके रिकामे असूनही तिने ते शिजवले नव्हते. ती पेरायला निघाली, तेव्हा कुंपणावरचा होला पक्षी बोलला.

"स्वतः पेरशील तर मुकेच उगवेल. तिघांना दे. एका रानात जरी शेंग वाजली, तरी शाप सुटेल."

"आणि नाही वाजली तर?"

"तर तुझ्याकडेही काही उरणार नाही."

पहिली मूठ तिने भावाला दिली. कोंब आले ते हरणांनी खुडले. दुसरी नदीकाठच्या अनोळखी कुंभाराला दिली. ती पुरात गेली. मग पाऊस संपला. आता ओल उरली होती ती फक्त सारजाच्या खोलगट रानात. सारजा बांधापलीकडची. तिने बांध कोरून गोदूबाईची जमीन ओढली, तेव्हापासून दोघींचे बोलणे बंद होते.

गोदूबाईने तुंबा उचलला आणि बांध ओलांडला.

सारजा दारातूनच म्हणाली, "वाट चुकलीस का? की बांध मोजायला आलीस?"

"बांध राहू दे तुला. ओल जायच्या आत एवढे पेर."

तुंबा तिच्या हाती देऊन गोदूबाई रिकामी परतली.

थंडी सरली. एका सकाळी वारा सुटला आणि सारजाच्या रानातून खुळखुळ ऐकू आली. त्याच घटकेला खजिन्याचे कुलूप गळून पडले, खड्यांचे पुन्हा बी झाले. राजा स्वतः गाडीबरोबर गावोगाव फिरला आणि ज्याचे बी त्याच्या दारी उतरवले. मांत्रिक मागे बसून बियांना राख चोळत होता.

गोदूबाई उंबऱ्यात बसली होती. सारजा आली, तुंबा तिच्यापुढे ठेवला. गोदूबाईने तो कानाशी धरून हलवला. गळ्यापर्यंत भरला होता, म्हणून वाजला नाही.

तिने मान वर केली, तेव्हा सारजा कुदळ घेऊन कोरलेल्या बांधाकडे चालली होती.