पवळीची चुंबळ

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, करवंदपाड्याच्या झऱ्यावर अजून वाघ पाणी प्यायला येत होता तेव्हा, त्या गावात पवळी नावाची एक बाई होऊन गेली. ती भगतीण नव्हती, पाटलीणही नव्हती. चारचौघींसारखी पाणी भरायची, नागली दळायची. तरी तिचं नाव घेतल्याशिवाय करवंदपाड्यात आजही बोहाडा निघत नाही.

बोहाडा म्हणजे देवादिकांची सोंगं. माणसं मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात आणि अगदी शेवटी, उजाडता उजाडता, देवी महिषासुराला मारते. या महिषासुराला मुखवटा नसतो, टोप असतो. सगळं डोकं झाकणारा, शिवणीच्या एका खोडातून कोरलेला, आणि वर खऱ्या रेड्याची शिंगं. असं म्हणतात, तो आढ्यावरून काढायला दोन गडी लागायचे. नाचायचं मात्र एकट्यानं!

ज्याच्या डोक्यावर तो चढे, त्याचे हाल कुत्रा खात नसे. कपाळ सोलून निघे, कान दुमडत. शिंगं झुकली की डोळ्यांची भोकं गालावर उतरायची आणि महिषासुर आंधळा व्हायचा. पण दुखतंय म्हणायची सोय नव्हती. जो दुखतंय म्हणेल त्याच्या मनात खोट, असा गावाचा समज. त्यातून देवीनं मारण्याआधी टोप खाली पडला तर वर्ष वाईट जाणार, ही भीती. मग सगळ्यांचा एकच उपाय, हनुवटीखालची दोरी आवळा. टोप हलला, आवळा. कपाळ सोललं, आणखी आवळा. एक उपाय हाती लागला की दुसरा शोधायचे कष्ट कोण घेतो?

हे सोंग पवळीच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तिचा थोरला दीर रावजी ते घ्यायचा. एका वर्षी नाचताना शिंगांनी झोक खाल्ला, दोरी हनुवटीखाली करकचून बांधलेली, आणि टोपाबरोबर रावजीची मानही फिरली. टोप पडला नाही म्हणून गावानं वाहवा केली. रावजीची मान मात्र कायमची वाकडी झाली. बाजूला बघायचं तर त्याला सगळं अंग वळवावं लागे. पुढच्या वर्षी सोंग आलं लखमाकडे, म्हणजे पवळीच्या नवऱ्याकडे. त्या दिवसापासून पवळीच्या घशाखाली घास उतरेना.

बोहाडा जवळ आला तशी लखमानं अंगणात टोप चढवून पाहिला. रावजी दोरी ओढायला उभा राहिला.

"आवळ, दादा," लखमा आतून म्हणाला.

रावजीनं आवळली. आवळताना त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. लखमा जेमतेम गोठ्याच्या खांबापर्यंत गेला, त्याच्यावर आदळला आणि मटकन खाली बसला. पवळीनं हंडे उचलले आणि ती झऱ्यावर गेली. पाणी घरात होतं. तिला रडायचं होतं.

भरल्या हंड्यांखाली रडत रडत ती चढण चढत होती. एका हातानं नाक पुसलं, दुसऱ्या हातानं डोळे पुसले, आणि वाटेतच थबकली. डोक्यावर हंड्यावर हंडा, हात दोन्ही मोकळे, आणि पाण्याचा थेंब सांडला नव्हता. हंड्याला कुठं दोरी होती? तो कापडाच्या वेटोळ्यावर, चुंबळीवर बसला होता, टाळूच्या वर. कपाळ मोकळं, कान मोकळे. पवळी एवढ्या मोठ्यानं हसली की, असं म्हणतात, समोरचा डोंगरही हसला.

टोपाला बाईनं हात लावायचा नाही, असा नियम होता. तिनं लावला नाही. तिनं आपलं जुनं लुगडं फाडलं, त्यात भाताचा पेंढा घालून चुंबळ पिळली आणि नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. रावजीनं वरून टोप उतरवला.

"काय दिसतंय?" पवळीनं विचारलं.

"अंधार," लखमा म्हणाला. चुंबळ जाड झाली होती, भोकं कपाळावर गेली होती.

तिनं पेंढा कमी केला. आता दिसायला लागलं, पण शिंगांच्या भारानं टोप पुढं झुके. मग तिनं पुढची कड फुगवली, आणि टोपाला मागं लावलेल्या केसांच्या झुपक्यात रावजीकडून वजनाला नागलीची पुरचुंडी बांधून घेतली. टोप सरळ झाला. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, कुठं टोचतंय, कुठं दाबतंय, आणि लखमा पहिल्यांदाच खरं सांगू लागला.

"बसला," तो अखेर म्हणाला.

"टोप बसला. आता मान बसवा," पवळी म्हणाली. "उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं."

अख्खा पाडा बघायला लोटला. महिषासुर डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावरून येतोय! पोरं खिदळली, म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पहिल्या दिवशी लखमा नखशिखांत भिजला. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण अंगणात थोरला भाऊ वाकड्या मानेनं बसलेला दिसे, आणि तो मुकाट्यानं पुन्हा हंडा उचले. हळूहळू पाणी सांडायचं थांबलं.

बोहाड्याच्या दिवशी भगतानं चुंबळ पाहिली आणि तो तडकला. "बाईच्या लुगड्याची चिंधी देवाच्या सोंगात? विटाळ व्हईल!"

"बाबा, देवी कोण हाय? बाईच ना?" पवळी म्हणाली. "तिला कसा व्हईल लुगड्याचा विटाळ?"

 मग भगतानंच संबळवाल्याला वाजवायची खूण केली.

लखमा नाचला. दोरी नव्हती, तरी शिंगं जागची हलली नाहीत. असं म्हणतात, देवीचं सोंग घेतलेला दमून खाली बसला, संबळवाल्याचे हात भरून आले, सूर्य डोंगरावर आला, तरी महिषासुर नाचतच होता. असंही म्हणतात, एक गायबगळा उडत आला, खरा रेडा समजून शिंगावर बसला, आणि नाच संपेपर्यंत तिथंच पेंगत राहिला. शेवटी देवीनं तलवार लावली. लखमा आडवा झाला आणि त्यानं टोप काढला. कपाळावर साधा ओरखडा नव्हता. रावजी पुढं आला, त्यानं भावाच्या मानेवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. पवळीही रडली. हे मागच्या साली सुचलं असतं तर, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

पवळी जाऊन किती काळ लोटला, कुणालाच ठाऊक नाही. पण करवंदपाड्यात ज्याच्याकडे महिषासुर येतो, तो आधी डोक्यावरून पाणी आणतो. पहिला हंडा पोचतो तो ज्याला ओझं उचलवत नाही त्याच्या घरी. बायका आपापल्या लुगड्याची पट्टी देतात, तिची चुंबळ होते. टोप चढला की गावातली सगळ्यात म्हातारी बाई पवळीचं नाव घेते आणि पुढं होऊन विचारते, "कुठं टोचतंय का, बाळा?"

खोटं बोलायची बंदी आहे. टोचतंय म्हणाला तर टोप उतरतो, चुंबळ सोडून पुन्हा पिळली जाते. तोवर संबळ थांबतो, गाव थांबतं, आणि तलवार परजून उभी असलेली देवीसुद्धा थांबते.