जास्तीचं ते गाईला

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे त्या गावात पुष्कळ होते, पण केरबाची सर कुणालाच नव्हती. त्याची बायको आनसाबाई अंगानं भारदस्त. सोमवारचा उपास ती कधी मोडत नसे आणि उपासाला परातभर साबुदाणा खिचडी खात असे.

एकदा तिला भोवळ आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि तबकडी बघून तोंड गंभीर केलं.

"बीपी फार जास्त आहे. वजनही उतरवायला हवं. नाहीतर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल. केरबा, लक्ष तुम्हीच ठेवा. आनसाबाईंचा भरवसा नाही."

केरबाला वेगळीच काळजी लागली. आनसा पडली तर आपल्याला कधी काय करायचं ते सांगणार कोण?

"आधी घरातलं मीठ कमी करा," बाई म्हणाल्या.

केरबानं घरी येऊन मिठाचा डबा आडात रिकामा केला. पाठोपाठ लोणच्याची बरणी ओतली. मग आनसाबाई तेच पाणी प्यायली. बीपी वाढलं.

"अहो, आडात कसलं टाकता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " उंचावर ठेवायचं, आनसाबाईंचा हात पोचणार नाही असं."

केरबाला पटलं. तो थोडा शहाणा झाला.

बाईंनी गोळ्या दिल्या. केरबानं शिडी लावली आणि पुडी आढ्याला करकचून बांधली. आनसाबाईचा हात पोचला नाही. उंदरांचा पोचला. बीपी आणखी वाढलं.

बाईंचा आवाज चढला. "गोळ्या आढ्याला? मी दिलेलं रोज सकाळी पाण्याबरोबर त्यांच्या पोटात गेलं पाहिजे."

केरबा आणखी थोडा शहाणा झाला. बाईंनी नव्या गोळ्या दिल्या आणि सोबत काय खावं, काय खाऊ नये, याचा कागद दिला. सकाळी केरबानं आधी गोळी दिली, मग कागद पाण्यात कुस्करून पेला पुढं केला.

"ह्ये काय वो?"

"वजन उतरायचं औषध हाय. पी गुमान."

आनसाबाई प्यायली. जरा अळणी लागलं म्हणाली.

पुढच्या खेपेला बाईंनी नवा कागद लिहिला आणि एकेक शब्द चावत सांगितलं, "हा प्यायचा नाही. भिंतीला लावायचा. जेवायच्या वेळी बघायचा. यात लिहिलंय, एका वेळी एकच भाकरी."

घरी कागद लावला. पण केरबाला अक्षर येत नव्हतं. त्याला कळलं ते इतकंच, की भाकरी एक आणि जागा भिंतीवरची. त्यानं गरम भाकरी घेतली आणि कागदाशेजारी खिळा ठोकून लावली. दोघं जेवायच्या वेळी समोर बसली आणि भाकरीकडं बघत राहिली.

आठवडाभरानं वजन केलं तर ते वाढलेलं. शेजारच्या पारूबाईच्या घरी भाकऱ्या भिंतीवर नव्हत्या, आणि आनसाबाई दुपारी तिथंच असायची.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाल्या, "केरबा, भाकरी ताटात वाढा. एक आनसाबाईंना. जास्तीचं असेल ते गाईला घाला. एवढंच करा, दुसरं काही करू नका."

आणि नवल झालं. दुसरी भाकरी गाईला. जास्तीचा भात गाईला. सोमवारची खिचडी, आनसाबाई हात धरून ओढत असताना, परातीसकट गाईला. पारूबाईच्या घरचं थालीपीठ केरबानं बायकोच्या तोंडासमोरून उचलून आणलं, तेही गाईला. आनसाबाईचं लुगडं सैल झालं. गाय दारातून आत येईना.

बाईंना वार्ता कळली. आपल्या हातून एक माणूस सुधारला म्हणून त्या पट्टा घेऊन स्वतः घरी आल्या. आनसाबाईचा दंड बांधला, तबकडी बघितली.

"छान. पुष्कळ उतरलंय. थोडं जास्तीचं आहे अजून."

"किती जास्तीचं?" केरबानं विचारलं.

"थोडंच. तेही जाईल," असं म्हणून बाई हात धुवायला मोरीवर गेल्या.

परतल्या तर आनसाबाईचा दंड मोकळा. यंत्र नाही. केरबा गोठ्यातून हात झटकत येत होता. बाई धावल्या. गाईच्या तोंडातून रबरी नळी लोंबत होती, आणि तबकडी खुराखाली चेचली होती.

बाई मटकन ओट्यावर बसल्या. आसपासच्या पाच गावांत तेवढं एकच यंत्र होतं.

"केरबा," त्या म्हणाल्या, "हे काय केलंत?"

"जास्तीचं व्हतं ते गाईला घातलं." केरबाचे डोळे भरून आले होते. "आता माझ्या आनसाचं अंग लुळं पडायचं न्हाई."

बाईंचं तोंड लालबुंद झालं होतं. केरबाला काळजी वाटली.

"बाई, तुमचं बी वाढलंय वाटतं. मोजा की."

"कशानं मोजू?"

केरबानं जरा विचार केला आणि त्याचा चेहरा फुलला.

"म्हंजे गेलं की वो, बाई. आता पाच गावांत कुणालाच बीपी न्हाई."