एका जुवाचा विमा

विमा चारही गाड्यांचा हवा, आणि हप्ता मात्र एकाच गाडीचा द्यायचा! गोठ्यातून वैरणीची पेंढी आणायला सांगावी, तितक्या सहज बोरखळच्या हैबतराजांनी हे काम सावळा गाडीवानाला सांगितलं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाआधी जमलं तर ठीक, नाहीतर सावळ्याने कासरा खाली ठेवायचा. बैल दुसरा कोणी हाकेल.

सावळ्याला पोटाची एवढी काळजी नव्हती. हरणा आणि पाखऱ्या ही खिलारी जोडी त्याने वासरं होती तेव्हापासून वाढवली होती. त्यांच्या पाठीवर परक्याची थाप पडणार, या विचाराने त्याला भाकरी गिळवेना.

या अटीमागचा राजांचा राग तसा खोटा नव्हता. त्यांच्याकडे दसऱ्याचा रथ होता, राणीसाहेबांची पडद्याची दमणी होती, स्वतः हाकायचा छकडा होता आणि धान्य वाहायचा खटारा होता. पेठेतला लखमशेठ या सगळ्यांचा वेगवेगळा हप्ता घेई. गाडी मोडली तर नवी करून द्यायची, असा त्याचा शब्द. पण चैत्रात उभ्या रथाचं चाक वाळवीने खाल्लं, तेव्हा शेठ आला, चाकाला नखाने टोचून पाहिलं आणि म्हणाला, की विमा चालत्या गाडीचा असतो. उभी गाडी म्हणजे नुसतं लाकूड.

त्या दिवसापासून राजे हट्टाला पेटले. यंदा एकच हप्ता! शेठही काही कमी नव्हता. एका हप्त्यात एक गाडी, कोणती ते सांगा, म्हणाला. सावळा त्याच्या पेढीवर जाऊन जाऊन दमला. दरवेळी गूळपाणी मिळे, उत्तर मिळत नसे.

मग अख्ख्या आळीने सल्ले द्यायला घेतले. कुणी म्हणालं रथ निवड, तो महागाचा. कुणी म्हणालं दमणी निवड, आत राणीसाहेब बसतात. शेजारचा सुतार म्हणाला खटारा निवड, तोच सारखा मोडतो. खटारा त्यानेच बांधला होता.

घरात हे सगळं ऐकत होती सावळ्याची सून गोजरा. माघात लग्न होऊन आलेली. नव्या सुनेचं एक बरं असतं. ती बोलत नाही, म्हणून तिला ऐकूही येत नसेल, असं सगळे धरून चालतात. गोजरा शेण भरता भरता रोज एक गोष्ट पाहत होती. मामंजी चांदीच्या पत्र्याने मढवलेलं जू छकड्यावरून सोडायचे आणि दमणीला बांधायचे, दमणीवरून सोडायचे आणि खटाऱ्याला बांधायचे. गाड्या चार, पण जू एक आणि बैलजोडीही एकच. कारण गेल्या बेंदराला राजांनी साऱ्या गावासमोर शपथ घेतली होती, की हरणा-पाखऱ्या जिवंत असेतो माझ्या गाडीला दुसरे बैल जुंपणार नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी ती सासऱ्याला हळूच म्हणाली, "मामंजी, आज मलाही दरबारात न्या. आणि जू बरोबर घ्या."

"जू? आणि बैल गं?"

"बैल राहू देत. त्यांना उद्या सजायचंय."

खांद्यावर जू घेऊन सावळा दरबारात शिरला, तसा लखमशेठ हसला. "काय सावळा, बैल दमले म्हणून स्वतःलाच जुंपून घेतलंस होय?"

दरबार खदखदला. सावळ्याने मान खाली घातली. गोजराने पदर कपाळावर ओढला आणि विचारलं, "शेठजी, उभी गाडी म्हणजे काय, ते मला नीट समजलं नाही."

शेठला शिकवायची हौस फार. "अगं पोरी, उभी गाडी म्हणजे लाकूड. तिला वाळवी लागो, आग लागो, मी काही देणं लागत नाही."

"आणि चालती?"

"जू चढलं की चालती. तेव्हापासून जोखीम माझी. जू उतरलं की ज्याची त्याची."

गोजराने चांदीच्या जुवावर हात ठेवला. "मग विमा ह्याचा उतरवा. हे ज्या गाडीवर चढेल, तिची जोखीम तुमची. बाकीच्या तीन तेव्हा उभ्याच असणार. लाकडाची जोखीम घेत नाही म्हणता, मग लाकडाचा हप्ता कसा घेता, शेठजी?"

शेठ मनातल्या मनात पळवाट शोधू लागला. मग त्याला एक फट दिसली. उद्या महाराजांनी दुसरी जोडी घेतली, दोन गाड्या एकदम बाहेर काढल्या, तर कसं, असं त्याने विचारलं.

राजे ताडकन उठले. "मी बेंदराची शपथ मोडेन म्हणतोस?"

शेठला हो म्हणता येईना, नाही म्हटलं तर हरला. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "महाराजांच्या हट्टाचा विमा बिनघोर उतरवा, शेठजी. तो कधी मोडत नाही."

सगळ्या दरबाराने राजांकडे पाहिलं. मग राजेच हसायला लागले. शेठने एकाच हप्त्यावर शब्द दिला.

"कासरा तुझाच, सावळा," राजे म्हणाले. "आणि पोरी, तू काय हवं ते माग."

आखाडात नव्या सुना माहेरी जातात, गोजरा म्हणाली. चार दिवस दमणी मिळाली तर बरं होईल.

"दिली!" राजे म्हणाले आणि मग थबकले. "पण थांब. दमणी गेली की जू गेलं, जोडी गेली. मग चार दिवस मी हिंडू कशाने?"

"पायी, महाराज. पायांना हप्ता नाही."

राजे इतके हसले, की पगडी लखमशेठच्या मांडीवर जाऊन पडली. बेंदूर झाला आणि पडद्याची दमणी, चांदीचं जू आणि हरणा-पाखऱ्या गोजराच्या माहेरच्या वाटेला लागले. कासरा सावळ्याच्या हातात होता. आणि दमणीच्या मागोमाग, वेशीपर्यंत पोचवायला, हैबतराजे चालत निघाले होते.