कोरी झालेली धाकटी

यंत्रं एकमेकांशी बोलत असत त्या काळची गोष्ट. सुमतीबाई दळवींच्या फोटो स्टुडिओतल्या संगणकात थोरली आणि धाकटी अशा दोन हार्ड डिस्क राहत. एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून धाकटीला व्हायरस लागला.

थोरली ओरडली, "हिला बाहेर काढा, नाहीतर मलाही लागेल!"

"फेकायची का हो, दस्तगीरभाई?" सुमतीबाईंनी दुरुस्तीवाल्याला विचारलं.

"नको बाई. ती बिघडलेली नाही, नुसती आजारी आहे."

त्यांनी आधी थोरलीची वायर काढली आणि व्हायरस नसलेल्या स्वच्छ सीडीवरून संगणक सुरू केला. फोटोंच्या प्रती बाईंकडे होत्याच.

"सगळं पुसणार?" धाकटी रडवेली झाली. "निदान माझे खेळ तरी ठेवा!"

"त्यातच तो दडलाय, पोरी," सीडी म्हणाली. "जाऊ दे ते."

धाकटीने डोळे घट्ट मिटले. संध्याकाळपर्यंत ती पुरती पुसली गेली. मग तिला नव्याने फॉरमॅट करून दोनदा तपासलं. व्हायरस कुठेच नव्हता. तिला हायसं वाटलं.

थोरलीची वायर पुन्हा जोडली.

"आजच्या बारशाचे फोटो माझ्यात मावत नाहीत गं," ती धाकटीला म्हणाली. "तू सांभाळशील?"

"पाठव की!" धाकटी म्हणाली.