मिठागरावरची दुपार

फार पूर्वी समुद्राकाठच्या एका राज्यात एक मोठं मिठागर होतं. तिथे बाया उन्हातान्हात मिठाच्या टोपल्या वाहायच्या. राजाचा हुकूम चांगला होता: भर दुपारी काम थांबवावं, सावलीत विसावा द्यावा, लेकुरवाळीला बाळाजवळ सोडावं.

पण पाहणीला अधिकारी यायचा तो ढोल वाजवीत. ढोल ऐकू आला की मालक घाईघाईने मांडव घालायचा. अधिकारी मालकासमोरच बायांना विचारायचा, "सगळं ठीक ना?" बाया माना डोलवायच्या. त्याची पाठ फिरली की मांडव गुंडाळला जायचा.

पुढे राजाची लेक गादीवर बसली. एका सोमवारी ती समुद्रस्नानाला निघाली, तर बांधावर झोळीत एक तान्हं भुकेने रडत होतं आणि त्याची आई टोपली वाहत होती. राणी म्हणाली, "हे रडणं कानांवर असताना माझा उपास महादेवाला कसा रुजू होईल?"

तिने पाहणीची रीतच बदलली. ढोल बंद केला. नवी अधिकारीण पायी आली आणि थेट विहिरीवर गेली. तिथे फक्त बाया होत्या.

"बोला गं, दुपारी विसावा मिळतो का?"

बाया घागरी भरत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "तू जाशील निघून, बाई. उद्या आमची चूल कोण पेटवील?"

"तक्रार करणारीला कामावरून काढायचं नाही, असा राणीचा हुकूम आहे."

"हुकूम काय, विसाव्याचाही होताच की!"

तेवढ्यात बांधावरच्या झोळीतलं बाळ रडलं. त्याची आई घागर ठेवून पुढे आली. "नाही मिळत. चला, दाखवते."

भर दुपारी, बाकीच्या बाया पुन्हा टोपल्या वाहत असताना, दोघींना येताना पाहून मालक गडबडला. "अहो, वर्दी तरी द्यायची! मांडव घातला असता!"

बाया पदराआड हसल्या. मालक चिडून त्या आईला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस!"

म्हातारीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. "मग मीही नाही येत." एकेक करून सगळ्यांनी टोपल्या ठेवल्या.

अधिकारीण म्हणाली, "शेठ, हिला काढलंत तर मिठागराचा परवाना जाईल. आणि ती सावली आज, आत्ता, माझ्यासमोर."

मालकाने स्वतःच्या हाताने बांबू रोवले. त्या सावलीत आईने बाळाला छातीशी घेतलं आणि पहिल्यांदाच, कुणाची भीती न बाळगता, ते झोपेपर्यंत पाजलं. भोवती बाया ताठ मानेने बसल्या होत्या, जणू प्रत्येकीच्याच मांडीवर ते लेकरू होतं.

तात्पर्य: चांगला नियम करणं हे अर्धंच पुण्य, ज्यांच्यासाठी तो केला त्यांना निर्भयपणे बोलता आलं आणि ते एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणजे ते पुरं होतं.