दाराबाहेरचे कुलगुरू

सोनजाईच्या डोंगरावरच्या विद्यापीठात वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी गेलात, तर नवी मुलं दाराच्या आत आणि कुलगुरू बाहेर उन्हात उभे दिसतील. पाहुण्यांना हसू येतं. हसू नये. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

फार पूर्वी घाटाखाली मोठी लढाई झाली. गावंच्या गावं जळाली. जी माणसं जीव मुठीत धरून हा डोंगर चढली, त्यांत नागदेवशास्त्री होते. घरदार गेलं तरी शिकणं बुडू नये, म्हणून या निर्वासितांनीच दगडमाती वाहून विद्यापीठ उभं केलं आणि शास्त्रीबुवांना मुख्य केलं. पोथ्या खालीच जळाल्या होत्या. घाटाखालच्या जुन्या विद्यापीठाचे नियम तेवढे बुवांना तोंडपाठ होते. विद्वान माणसाचं असंच असतं. तर नियम असा, की येणाऱ्याने गुरूचं नाव सांगावं आणि ओळखीचा माणूस साक्षीला आणावा.

ऐन थंडीत एका संध्याकाळी म्हाळसा नावाची एक बाई आली. तिला वैद्यकी शिकायची होती. बुवांनी नियम सांगितला.

"गुरू गेले, गावही गेलं," ती म्हणाली. "मला ओळखणारं कुणी उरलं नाही, बुवा. साक्षीला कुणाला आणू?"

"येईल कुणीतरी खालून. तोवर थांब," असं म्हणून बुवांनी दार लावलं आणि ते शिकवायला बसले.

ती भिंतीला टेकून आतला पाठ ऐकत राहिली म्हणे. बुवांना ते ठाऊक होतं. उठावंसंही वाटलं, पण एकीला सूट दिली तर नियम कसला, म्हणून ते उठले नाहीत. सकाळी दार उघडलं, तेव्हा ती गारठून मेलेली होती.

तिला उचलताना बुवांना वाटलं, मी आलो तेव्हा माझी साक्ष कुणी मागितली? दार मीच बांधलं, म्हणून मी आत. त्या दिवसापासून ते बाहेर बसले. शिष्य रडले, पाया पडले, "आत या" म्हणाले. पण ज्या बाईने 'या' म्हणायला हवं होतं, तीच उरली नव्हती. बुवांनी मरेपर्यंत उंबऱ्याबाहेरूनच शिकवलं.

आजही मुलं कुलगुरूंना विचारतात, "तुमच्या साक्षीला कोण?"

"कुणी नाही," कुलगुरू म्हणतात.

सगळ्यांत शेवटी आलेलं मूल 'या' म्हणेपर्यंत ते उभे राहतात. 'या' म्हटल्यावरही लगेच आत जात नाहीत. आधी बाजूला सरतात, एक बाई जाईल एवढी वाट सोडतात, आणि मग तिच्या मागून आत जातात.